आमच्या दवाखान्यात 'येतो' म्हणायचं नाही

किस्से मुद्दाम साचवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. घराच्या कोपऱ्यात रिकाम्या बाटल्या जमतात ना, कोणी ठेवत नाही आणि कोणी टाकतही नाही, तसंच. मी धुळ्याला एका धर्मादाय दवाखान्यात पोरांच्या खोलीची नर्स होते. लढाई सुरू झाली तेव्हाही होते आणि संपली तेव्हाही. आता कुठे लग्नकार्याला गेले की बायका गराडा घालतात, "बाई, तुमच्या त्या डॉक्टरांचं सांगा ना!" मी सांगते. त्या हसून हसून डोळे पुसतात. डॉक्टर त्या दिवशी तसे का वागले, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलं तर सांगावं लागेल की आमच्याकडे बहुतेक किश्श्यांच्या आधी एक पोर दगावलेलं असायचं.

पोरं दगावायचीच हो! घटसर्प, विषमज्वर, गोवर, जुलाब. लोक आधी भगताकडे जायचे, मग देवाला कौल लावायचे, मग शेजारणीचा काढा पाजायचे, आणि सगळं करून झालं की बैलगाडी जुंपून आमच्याकडे. तोवर पोराचे डोळे खोल गेलेले असायचे. चिडून काय उपयोग? तरी मी चिडायचे.

आमचे डॉक्टर पुण्याकडचे. उंच, किडकिडीत आणि नाकावर राग. आल्या दिवशीच त्यांनी आम्हाला उभं करून सांगितलं, "इथे कोणी रडायचं नाही. एक पोर गेलं तरी बाकीची पोरं खाटेवरून आपल्या तोंडाकडे बघत असतात. रडायचं असेल त्यानं फाटकाबाहेर जाऊन रडावं."

बोलणं अगदी बरोबर होतं. पण डोळ्यांतलं पाणी दाबलं की ते दुसरीकडून कुठून तरी फुटतंच. आणि जिथे फुटेल तिथली फरशी पुसायला मी! त्या दवाखान्यात इतकी वर्षं काढली, पण कोणी सरळ रडलं असेल तर शपथ!

*

पहिले आमचे कंपाउंडर नाना. पिकल्या मिशा, डोक्यावर काळी टोपी, स्वभाव गरीब. पोर गेलं की नाना बाटल्या धुवायला बसायचे. धुवा ना, कोण नको म्हणतंय! पण नानांना रिकाम्या बाटल्या पुरायच्या नाहीत. ते भरलेल्याही घ्यायचे. पाण्याचं घमेलं पुढ्यात ओढून प्रत्येक बाटलीवरचं लेबल भिजवायचं, नखानं हळूहळू खरवडायचं आणि बाटली लख्ख पुसून फळीवर ठेवायची.

एकदा नशिराबादहून पाहुणा म्हणून आलेलं एक गोड पोर गोवरात गेलं. मी दुपारी औषधाच्या खोलीत गेले, तर फळीवर सगळ्या बाटल्या ओळीनं उभ्या, लख्ख, आणि एकीवरही नाव नाही!

"नाना! आता यातलं खोकल्याचं कोणतं आणि जखमेचं कोणतं?"

नाना शांतपणे म्हणाले, "बाई, लेबल काढलं म्हणून औषध आपलं नाव विसरतं का?"

"औषध विसरत नाही हो, पण मी विसरते ना!"

मग एकेक बूच काढून आमचं हुंगणं सुरू झालं. मी वैतागून डॉक्टरांना बोलावून आणलं. म्हटलं, यांना तुम्हीच चार शब्द सुनवा. डॉक्टर दारात उभे राहिले. नानांकडे बघितलं, फळीकडे बघितलं. मग पलीकडचं स्टूल ओढलं, बाह्या सरसावल्या, राहिलेली शेवटची बाटली घमेल्यात बुडवली आणि म्हणाले, "नाना, हे लेबल फार चिकट आहे हो!"

आता दोघं झाले होते.

*

दुसरी आमची आया, गोदाअक्का. अक्का म्हणजे तोंडाचा पट्टा. एरवीही तिचं कोणाशी फार जमत नसे, पण पोर गेलं की पदर खोचून ती कोणाशी तरी भांडायला निघायची. बहुतेक वेळा सापडायचा तो दूधवाला. त्याला सगळे भाऊच म्हणायचे.

"पानी टाकस तू दूधमा! पोरेसना जीववर उठना शे तू!" अक्का फाटकात उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची.

भाऊ बिचारा पहिल्यांदा गयावया करायचा, गाईची शपथ घ्यायचा. पुढे त्याच्या लक्षात आलं. मग अक्का पदर खोचून येताना दिसली की तो दुधाची कासंडी खाली ठेवायचा, टोपी काढायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "कोन गयं, अक्का?"

अक्का नाव सांगायची आणि लगेच शिव्यांना सुरुवात करायची. तो खाली मान घालून ऐकायचा. "टाकस ना पानी?" "टाकस, अक्का." "लाज नही वाटत?" "वाटस, अक्का." सगळं संपलं की ती पदर सोडायची आणि तो दूध मापायला बसायचा.

मला हे बघून संताप यायचा. अहो, चांगल्या दुधाला नावं ठेवायची म्हणजे काय! शेजारपाजारच्या बायकांनी त्याच्याकडून दूध घेणं बंद केलं, त्याचं काय?

आणि मग एक दिवस अक्का तशीच पदर खोचून फाटकाकडे धावली. भाऊनं कासंडी ठेवली, टोपी काढली, डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "कोन गयं, अक्का?"

"कोनीच नही गयं, मुडदा! आज खरंच पानी शे!"

*

आता खुद्द डॉक्टर. त्यांचं वेगळंच. त्यांचं भांडण रेल्वेशी.

झालं होतं असं. एका घटसर्पाच्या मुलासाठी मुंबईहून इंजेक्शन मागवलं होतं. ते चाळीसगावच्या गाडीनं यायचं होतं. गाडी लेट झाली, आणि इंजेक्शन आलं तेव्हा उशीर होऊन गेला होता. डॉक्टर तडक टांग्यात बसून स्टेशनवर गेले आणि स्टेशनमास्तरांना सगळ्या फलाटासमोर वाट्टेल ते बोलले. बरं, तेवढं समजण्यासारखं होतं. पण पुढे पोर कशानंही जावो, साप चावून जावो की भाजून जावो, डॉक्टर टांगा बोलावून स्टेशनवर! "तुमच्या गाड्या! तुमचा कारभार! जनावरं हाकावीत तुम्ही!"

स्टेशनमास्तर नागपूरकडचे, वयस्क, सोशिक गृहस्थ. दोन-तीनदा ऐकून घेतल्यावर त्यांनी आपल्या खोलीत डॉक्टरांसाठी एक खुर्चीच ठेवली. डॉक्टर ओरडायचे, मास्तर चहा मागवायचे.

एकदा जवळच्याच खेड्यातली एक मुलगी पोट फुगून गेली. डॉक्टर निघाले. त्या दिवशी मला पार्सल आणायचं होतं, म्हणून मीही टांग्यात होते. डॉक्टर मास्तरांच्या खोलीत शिरले, तोंड उघडलं, तोच मास्तर ओशाळून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माफ करा. आज गाडी वेळेवर आली आहे."

डॉक्टर तसेच उभे राहिले. तोंड उघडंच. अगदी केविलवाणे होऊन म्हणाले, "मग मी आता काय करू?"

मास्तरांनी खुर्ची पुढे केली. "कालची लेट होती. कालची चालेल का?"

*

परतताना डॉक्टर टांग्यात नेहमीचं वाक्य म्हणाले. "बास झालं, बाई. यापुढे एक जरी पोर गेलं ना, तर मी निघालो! अमळनेरला मेहुण्याचा तेलाचा कारखाना आहे. तेलाचे डबे मरत नाहीत."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की टांगेवाल्यालाही पाठ झालं होतं. पण मला ते हसण्यावारी नेता यायचं नाही. कारण दवाखान्याचे मालक शेटजी मधूनमधून येऊन पोरांच्या खोलीच्या भिंती हातानं चाचपून जायचे. "खोली कोरडी आहे हो! सरकी भरायला फार नामी!" डॉक्टर आहेत तोवर त्यांचा इलाज नव्हता. डॉक्टर गेले की पोरं बाहेर आणि सरकीची पोती आत, हे त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. मग त्या बैलगाड्या कुठे जाणार होत्या? जळगावपर्यंत पोर टिकायला तर हवं!

मी दवाखान्यात येऊन नानांवर आणि अक्कावर भडकले. म्हटलं, "एक बाटल्या खरवडतो, एक दूधवाल्याचा जीव खाते, एक रेल्वेशी भांडतो! या दवाखान्यात एक तरी माणूस शहाणं आहे का?"

अक्का विडा चघळत म्हणाली, "आनि पोर गयं का तुमी आमनावर चिडतस, बाई. बठ्ठासले एकेक शे."

सगळ्यांनाच एकेक खोड, म्हणे! त्यावर मी आणखीच चिडले.

*

आता 'येतो'चं. हे नीट सांगायला हवं.

आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. आमच्याकडे खेड्यातले लोक अहिराणीत म्हणतात, "येस हं!" एक चुणचुणीत पोरगा विषमज्वरातून बरा झाला. आम्ही सगळे त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. तो बापाच्या खांद्यावरून हात हलवत ओरडला, "येस हं, डॉक्टरसाहेब!" आणि आला हो. पावसाळा सरायच्या आत घटसर्प घेऊन आला, आणि गेला.

देवाला हात न जोडणारा, मांजर आडवं गेलं तर त्या मांजरालाच गोंजारणारा आमचा डॉक्टर! पण दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "आजपासून या दवाखान्यात कोणी 'येतो' म्हणायचं नाही!"

'जातो' तर म्हणताच येत नव्हतं. तसं म्हणणाऱ्याच्या अक्कानं मुस्काटातच दिली असती. मग म्हणायचं काय? बरी झालेली पोरं आणि त्यांचे आईबाप उंबऱ्यावर येऊन खोळंबायचे. एक म्हातारे आबा नातवाला घेऊन निघाले, आणि सवयीनं त्यांच्या तोंडून "ये..." एवढं बाहेर पडलं. डॉक्टर अंगावर धावले.

"मंग काय म्हनू, साहेब?"

"काही म्हणू नका! सरळ चालू लागा!"

आबा बाहेर जाऊन म्हातारीला म्हणाले, "साहेबनी आपले हाकली दिनं वं!" आणि तसेच शेटजींकडे तक्रार घेऊन गेले. शेटजींची समजूत घालायला कोण गेलं असेल? मीच!

पण कळस झाला तो जिल्ह्याचा गोरा सर्जन दवाखान्याच्या तपासणीला आला तेव्हा. साहेब खाटांमधून फिरत एका बऱ्या झालेल्या पोरापाशी थांबला. पोरगा नवा सदरा घालून बापाची वाट बघत बसला होता. साहेबानं प्रेमानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "गोइंग होम, माय बॉय?"

पोराला एवढंच कळलं की निरोपाचं काहीतरी चाललंय. तो खणखणीत आवाजात म्हणाला, "येस!"

पलीकडून डॉक्टर गरजले, "येस म्हणायचं नाही!"

साहेब दचकला. "व्हाय नॉट?"

तेव्हा नाना पुढे झाले आणि टोपी सारखी करून म्हणाले, "सर, इन धिस हॉस्पिटल, येस इज नॉट अलाउड."

"अँड नो?"

नानांनी क्षणभर विचार केला. "नो इज ऑल्सो नॉट गुड, सर."

साहेब पोट धरून हसला. जाताना मात्र व्हरांड्यात मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सिस्टर, तुमचे डॉक्टर फार दमले आहेत." तेवढं कळायला मला गोऱ्या सर्जनाची गरज नव्हती.

*

आणि मग दगडी.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातली पोर. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून देवाची नजर लागू नये असं नाव ठेवलेलं, दगडी. पोटात पाणी झालं होतं. आज बरी, उद्या वाईट, असं करत ती खूप दिवस आमच्याकडे राहिली. तिची आई खाटेखालीच निजायची. फार बोलायची नाही. तिला पुन्हा दिवस गेले होते, हळूहळू दिसायला लागलं होतं.

दगडीनं सगळा दवाखाना ताब्यात घेतला. नाना तिला रिकाम्या बाटल्या खेळायला द्यायचे. भाऊ तिच्यासाठी साय वेगळी आणायचा. डॉक्टरांची नळी ती आपल्या कानाला लावायची आणि दुसरं टोक त्यांच्या छातीवर ठेवून विचारायची, "दुखस का?" डॉक्टर म्हणायचे, "दुखतं गं बाई." आणि 'येतो'ची कोतवाली तर तिच्याकडेच होती. कोणी घरी जायला निघालं की ही खाटेवरून ओठांवर बोट ठेवून दटावायची, "काहीच बोलानं नही हं!" डॉक्टर खूश व्हायचे. मी बघत होते. मनात म्हणत होते, या माणसानं असा जीव लावायला नको होता.

ती सकाळी गेली. ऊन नुकतंच खाटेवर आलं होतं.

मी वाट बघत होते. म्हटलं, आता नाना घमेलं ओढतील. नाना खिडकीपाशी हात बांधून उभे राहिले. बाटल्यांना त्यांनी हात लावला नाही. अक्का भिंतीला टेकून बसली, पदर जिथल्या तिथे. दूधवाला भाऊ फाटकात टोपी काढून बराच वेळ उभा होता. अक्का येईना, तेव्हा तो स्वतःच आत आला. तिच्यासमोर कासंडी ठेवून म्हणाला, "अक्का, आज दूधमा पानी शे."

अक्कानं वर बघितलंसुद्धा नाही.

तेव्हा मला खरी भीती वाटली. मी व्हरांड्यात आले, तर डॉक्टर आपल्या खोलीतून ट्रंक ओढत बाहेर आणत होते. स्टेशनवरून एक हमाल आला होता. दगडी गेल्याचं तोंडोतोंडी कळलंच असणार. म्हणाला, "मास्तरसाहेबांनी विचारलंय, गाडी लेट आहे, डॉक्टरसाहेब येणार का?"

"येणार म्हणावं," डॉक्टर म्हणाले. "पण ओरडायला नाही, बसायला. अमळनेरचं तिकीट काढून ठेवा."

मी म्हटलं, "डॉक्टर, सरकी भरतील हो इथे!"

"भरू द्या," ते म्हणाले. टांगा फाटकाशी उभा होता.

एवढ्यात दगडीची आई बाहेर आली. खांद्यावर दगडी, आमच्याच चादरीत गुंडाळलेली, झोपलेल्या पोरीला न्यावं तशी. दगडीचा मामा बैलगाडीपाशी थांबला होता. ती उंबरा ओलांडून थांबली. डॉक्टरांकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं. मग मोकळा हात पोटावर ठेवून म्हणाली, "येस हं, डॉक्टरभाऊ. सावनमा."

आत भिंतीशी अक्कानं डोळे गच्च मिटले. डॉक्टर ट्रंकेची कडी धरून उभे होते. त्यांनी ती हळूच सोडली.

शेवटी ते म्हणाले, "ये."

गाडी निघाली. बैलांच्या घुंगरांचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. मग आतून एकदम अक्काचा आवाज आला, "काय म्हनना रे तू मघाशी? पानी शे? पोरेसना दूधमा पानी टाकस?" आणि भाऊ म्हणत होता, "टाकस, अक्का. टाकस."

डॉक्टर पायऱ्या उतरून टांग्यात बसले. ट्रंक व्हरांड्यातच राहिली होती. मी धावत गेले. "डॉक्टर, ही ट्रंक?"

"ती कशाला?" ते माझ्यावर खेकसले. "गाडी लेट आहे ना? मास्तरवर ओरडून येतो!"